बरणीतलं खळं

१

मेलेली माती जिवंत झाली आणि त्यापायी एका मुलीवर लबाडीचा आळ आला, ही बातमी भाऊ टिपणिसांना कळली तेव्हा ते मुलुंडच्या आपल्या बाल्कनीत कोलंबी सोलत बसले होते. फोन क्षमाचा होता.

"भाऊकाका, तुम्ही येता का जरा? माझी कल्पिता बुडतेय."

"कुठे? खाडीत?"

"त्याहून वाईट. समितीपुढे."

भाऊंनी कोलंबी तशीच झाकली. आता, भाऊंविषयी थोडं सांगायला हवं. विक्रोळीच्या एका साबणाच्या कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. खोबरेल, महुआ, करंज, तांदळाच्या कोंड्याचं तेल. जगात तेल म्हणून जे जे होतं, त्यात भाऊंनी कॉस्टिक ओतलं आणि त्याचा साबण करून दाखवला. वडी नुसती हुंगून ते म्हणे सांगत, ही सोमवारच्या पाळीतली की शनिवारची. सोमवारच्या वडीला आळसाचा वास येतो. ही वदंता कोणी पसरवली ते विचारू नका. भाऊंनीच.

क्षमा त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराची मुलगी. कारखान्याच्या कॉलनीत वाढली. भोंगा झाला की फ्रॉक सावरत फाटकाशी पळायची आणि भाऊ खिशातून साच्यातून चुकून निसटलेला साबणाचा मासा काढून तिला द्यायचे. आता ती डॉक्टर क्षमा वैद्य, विक्रोळीतल्याच एका संशोधन संस्थेत मातीतले सूक्ष्मजीव शिकवणारी. भोंगा गेला, कॉलनीतली निम्मी माणसं गेली, पण "भाऊकाका" या हाकेत फ्रॉक अजून होता.

"झालंय काय?"

"तुम्हाला माझे आर्किया आठवतात ना? ज्यांच्या चरबीचा साबण होत नाही?"

आठवतात! भाऊंच्या आयुष्यातला तो एकमेव पराभव होता. हे जीव ना जिवाणू ना बुरशी, तिसरीच जात. आपल्या तेलातुपाचे सांधे कॉस्टिकनं तुटतात आणि साबण होतो. यांच्या कातडीतल्या चरबीचे सांधे निराळे. उकळा, बडवा, ढिम्म. ते ऐकून भाऊ दोन दिवस नीट जेवले नव्हते.

"तर भाऊकाका, बरणीतले आमचे आर्किया शंभर टक्के मेलेले होते. पावसाळ्याआधी आम्ही स्वतः तपासले." क्षमानं आवाज खाली आणला. "आणि आता ते उठून बसलेत."

२

प्रयोगशाळेत क्षमाची विद्यार्थिनी कल्पिता तांडेल खिडकीशी उभी होती. पंचविशीची, काटक, बोरिवलीच्या खाडीकाठच्या खारवाड्यातली कोळ्यांची पोर. डोळे सुजलेले, पण आवाज करडा.

"काका, मी काही केलं नाही. आधीच सांगते."

"मी विचारलं नाही अजून. चहा मिळेल का?"

चहा आला आणि गोष्टही आली. खारवाड्याला मोठं खळं होतं. मासळी सुकवायची ती जागा. बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगायचे, जवळा जमिनीवर पसरायचा, आणि ज्याला टिकवायचं त्याला मीठ चोळून ठेवायचं. पिढ्यान्‌पिढ्या मीठ आणि माशाचं पाणी पिऊन तिथली माती काळीकुट्ट झालेली. मग खारवाड्यासमोर टॉवर उभा राहिला, आणि खळ्यावर सिमेंट ओतून मोटारी लावायची सोय झाली. गेल्या वर्षी गटारासाठी ते सिमेंट थोडं फोडलं, तेव्हा कल्पितानं खाली उतरून एक बरणी माती काढली. लगेच खड्डा बुजला, वर पुन्हा सिमेंट.

"म्हणजे दुसरी बरणी नाही."

"नाही. माझा अर्धा प्रबंध त्या एका बरणीत आहे."

"आणि ती माती मेलेली, हे कसं कळतं?"

"असं समजा," कल्पिता म्हणाली, "या जिवांच्या चरबीच्या प्रत्येक कणाला एक लांबलचक धोतर असतं आणि वर एक टोपी. जीव मेला की टोपी लवकर गळते. धोतर मात्र टिकतं. शेकडो, हजारो वर्षं. मशीनमध्ये टोप्या दिसल्या तर माती जिवंत. नुसती धोतरं दिसली तर..."

"स्मशान."

"पहिल्या वेळी नुसती धोतरं होती. सिमेंटखाली मीठ नाही, मासळी नाही, हवा नाही. सगळे गेले. मी तसं लिहिलं. मग समितीनं नेहमीप्रमाणे पुन्हा एकदा तपासायला सांगितलं. माझं काम दुसऱ्यानं करायचं, म्हणून माझ्यासोबत शिकणाऱ्या निमेशनं केलं. तर टोप्याच टोप्या!"

"म्हणजे बरणीतली माती कोणी बदलली."

"समितीचं म्हणणं, मीच बदलली. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, एवढाच प्रश्न." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "सोमवारी बैठक आहे. काढून टाकतील, काका. आमच्या वाड्यातून इथवर दुसरं कोणी आलेलं नाही. आणि मी आले ती लबाड म्हणून जाणार."

भाऊंनी बरणी उजेडात धरली. काचेला आतून, जिथे ओल सुकली होती तिथे, फिकट गुलाबी पापुद्रा होता. गुलकंद सांडल्यासारखा.

"हे काय?"

"मिठावर जगणारे आर्किया. जिवंत असले की गुलाबी दिसतात. खाऱ्या मासळीवर कधीकधी असा रंग चढतो ना, तो यांचाच."

"मग सोपं आहे. कोणीतरी दुसरीकडची खारी माती आणून भरली."

"तेच तर नाही ना!" क्षमानं दोन आलेख टेबलावर टाकले. "टोप्या सोडा, खालची जुनी धोतरं बघा. कोणत्या जातीची किती, हे प्रमाण प्रत्येक जागेचं वेगळं असतं. गोराईची माती घ्या, वसईची घ्या, जुळणार नाही. ही जुळतेय. तंतोतंत. भाऊकाका, बदललेली मातीसुद्धा त्याच खळ्यातली आहे."

भाऊंचा कप हवेत थांबला. अख्खं खळं सिमेंटखाली मरून पडलेलं. आणि तरी कोणीतरी त्याच खळ्याची जिवंत माती कुठूनतरी आणली होती.

३

निमेश घाटकोपरचा. उंच, गोरा, मराठी आपल्याहून शुद्ध बोलणारा. एकाच फेलोशिपवर त्याचा आणि कल्पिताचा डोळा आहे, हे क्षमानं आधीच कानात घातलं होतं.

"तुम्ही मला विचारायला आलात ना काका? विचारा, यार. सगळे मनात मलाच विचारतायत."

"फेलोशिप तुला मिळेल आता."

"मिळेल. आणि आयुष्यभर लोक म्हणतील, कशी मिळाली ते माहितेय. झकास." तो हसला, पण तोंड कडूच होतं. "तिला पाडायचं असतं तर काहीही भरलं असतं ना मी? आमच्या सोसायटीच्या बागेतली माती. मम्मी कढीपत्त्याला ताक घालते, ती कुंडी. आणि खरं सांगू? खळ्याच्या त्या बरणीला मी दोन-दोन हातमोजे घालून हात लावतो. आमच्या घरी अंडं येत नाही, काका. तो वास तीन दिवस नाकातून जात नाही."

भाऊंनी त्याच्या नाकाकडे सहानुभूतीनं पाहिलं. अशा नाकाचा माणूस खळ्याची माती शोधत हिंडेल, हे त्यांना पटेना.

मग लवू. प्रयोगशाळेचा शिपाई; बरणीच्या फ्रिजची चावी त्याच्या कमरेला. मूळचा मालवणचा, बोलणं थेट.

"चावी माझ्याकडे असा, म्हणान चोर मीच काय? मी माती घेऊन करतलंय काय? माझ्या दारात लाल माती खंडीभर असा."

"अरे, चोर कोण म्हणतंय? फ्रिज कोण कोण उघडतं, एवढंच सांग."

लवूनं इकडेतिकडे पाहिलं. "भाऊनू, भिंतीर पाटी असा बगा, खाण्याचे जिन्नस ठेवू नयेत. पाटी भिंतीर, डबे फ्रिजात. सगळ्यांचे."

"मॅडमचापण?"

"मॅडमचोच पयलो."

क्षमा एकदम खिडकीबाहेरची झाडं पाहू लागली.

"बाहेरचं कोणी?"

"बाहेरचा कोण येता? कल्पिताचो आजो येता तेवढो. भिकाजी. पोरीचो डबो घेऊन. बोंबलाचो वास इलो काय सगळे वाट सोडतत. तो सरळ आत जाता, आपल्या हातान डबो ठेवता. बिचारो! एकदा माका विचारल्यान, आमचा खळा खंय ठेवलंस? मी बरणी दाखवलंय. हात फिरवत उभो रवलो, झोपल्या पोरावर फिरवतत तसो."

"आजाला यात ओढू नका," कल्पिता फटकन म्हणाली. "त्याला यातलं काही माहीत नाही. घरी मी कोणाला सांगितलेलंच नाही, ना पुन्हा तपासणी केल्याचं, ना आळाचं. ऐकलं तर तो झोपायचा नाही."

"लवू, तू बोललास?"

"मी कित्याक? मॅडमनी तोंडाक कुलूप लावूक सांगितला."

तेवढ्यात जिन्यावरून तळलेल्या बोंबलाचा वास आला. मागोमाग पावलं.

४

भिकाजी तांडेल वाकलेला नव्हता. सत्तरी कधीच मागे पडली होती, पण खांदे अजून जाळं ओढणाऱ्याचे. दारातच डबा उंचावून म्हणाला, "काय गो डॉक्टरीनबाय, आज बोंबील कुरकुरीत हायेत. निमेसला बोल, नाक धर. कोन ह्ये?"

"मी भाऊ. क्षमाचा काका. साबणवाला."

"आमी साबनाचे मोठे गिराईक. मासलीचा वास जाता जाय नाय." दोघं हसले. म्हाताऱ्यांची ओळख व्हायला एवढं पुरतं. भाऊंनी त्याला शेजारी बसवलं आणि सहज विचारलं, तुमचं खळं कसं होतं हो?

बस. मग भिकाजी थांबेना. वलांडीवर बोंबील टांगले की लांबून पांढऱ्या पडद्यासारखे दिसायचे. बाया उन्हात गाणी म्हणायच्या, पोरं कावळे हाकायची. त्याची सोनूबाई कडेच्या दगडावर बसून मासळीला मीठ चोळायची. तिच्या तळव्यांना कायम चिरा. "लगीन करून आयली ते दिशीं दुपारलाच खल्यात बसली. नवी साडी, आनि हातान मीठ." जाताना तिला हॉस्पिटलात नेलं, तर वाटेत म्हणाली, जवळा पालथा करायचा राहिला. सिमेंट ओतलं ते तिनं पाहिलं नाही, हे बरं झालं.

निमेशसुद्धा वास विसरला.

भिकाजीनं डोळे पुसले, क्षमाकडे वळला, आणि पेरणी केलेला माणूस कोंबाची चौकशी करतो तशा उत्सुकतेनं म्हणाला, "पर आता तरी जिती निंगाली ना गो माती? पयले बारीला मेली बोलत व्हती पोर."

"अजून कळायचंय," भाऊ क्षमाच्या आधी बोलले, आणि बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला. "फक्कड झालाय."

भिकाजी गेल्यावर भाऊ बराच वेळ चघळत बसले. मग कल्पिताला म्हणाले, "उद्या रविवार. तुमच्या घरी येतो. गच्चीची चावी कोणाकडे असते?"

"आजाकडे. का?"

"पहिल्या वेळी, असं म्हणाला तो. दुसरी वेळ झाली, हे त्याला कोणी सांगितलं?"



५

खारवाड्यातली जुनी घरं गेली होती. त्या जागी सात मजली इमारत. लिफ्ट बंद. भाऊ जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले आणि दर वेळी, दम लागला म्हणून नव्हे, विचार करायचाय म्हणून थांबलो, असं क्षमाला बजावत राहिले.

"काय विचार केलात मग?" शेवटच्या वळणावर तिनं विचारलं.

"हाच. शत्रूला कसलीही माती चालली असती. रस्त्यावरची, नर्सरीतली. काम बिघडवायला चिखलाचं गोत्र कोण बघतो? या माणसाला मात्र दुसरी माती चालतच नव्हती. त्याला त्या बरणीत खळंच हवं होतं. फक्त जिवंत. आता अशी माती कुठे असेल? सिमेंट पडायच्या आधी कोणीतरी उचलून नेलेली. आणि नुसती नेलेली नाही. कुंडीत ठेवून साधं पाणी घातलं असतं तर मिठावरचे जीव केव्हाच मेले असते. त्या मातीला अजून कोणीतरी मीठ देतंय. मासळीचं पाणी देतंय. इमारतीत ऊन मिळतं ते गच्चीवर; तिथे खळं चालवतोय गं तो. बिऱ्हाडासकट."

"पण एवढ्या मिठात कुंडीत काय जगणार?"

भाऊंनी गच्चीचं दार ढकललं.

टाकीच्या आडोशाला निळा प्लास्टिकचा ड्रम होता, अर्धा कापलेला, आणि त्यात माडाचं रोप, छातीएवढं. माड खारं पाणी पितो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बुंध्याभोवती काळीकुट्ट माती, आणि ड्रमच्या कडेला, जिथे ऊन लागत होतं तिथे, गुलाबी पापुद्रा.

भिकाजी शेजारी उभा होता. हातात खारी मासळी धुतलेल्या पाण्याची बादली. पाहुण्यांना बघून त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"आजा," कल्पिता म्हणाली, "ही माती कुठली?"

"आपलीच."

"नर्सरीतली म्हणाला होतास!"

"तू पुन्याला शिकत व्हतीस तवा. सिमेंटवाले येनार, त्याचे आदले दिशीं मी टोपली भरून आनली. तुजी आजी बसं, त्या दगडाकरची."

"आणि माझी बरणी?"

म्हाताऱ्यानं बादली पायानं बाजूला सारली. भाऊंनी क्षमाचा हात धरला, बोलू नकोस म्हणून.

"तू घरी येऊन रडलीस," भिकाजी शेवटी म्हणाला. "बोललीस, आजा, आपला खला मेला, सगला मेला, मी तसाच लिवनार. मना वाटला, पोरीची माती मेलेली निंगाली, आता हिला नापास करतील. आनि मेलेली जमीन परत कोन देतो? बाजारान मासली मांडतात, तवा ताजी दाखवावी लागते ना? म्हून मी डब्यान जिती आनून भरली, परत बगतील तवा दिसंल. ठिकान तेच, माती तीच. खोटा काय केला मी?"

"आणि आतली?"

त्यानं ड्रमकडे बोट केलं. "यान टाकली. मेलेल्यांना जित्यांच्या सोबतीला."

"माझी वाट लावलीस आजा!" कल्पिता ओरडली. "मला लबाड ठरवलंय त्यांनी! नापास मेलेल्या मातीनं नव्हते होणार मी. ती मेली, हेच माझं उत्तर होतं!"

भिकाजीला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो ड्रमच्या कडेवर हात टेकून बसला, आणि पहिल्यांदाच म्हातारा दिसला. समोर टॉवरच्या काचा चमकत होत्या; खाली, रांगेनं मोटारी.

"मना ने त्यांच्यापुढे," तो म्हणाला. "मी सांगन."

"नाही. तुझी शोभा नाही करणार मी तिथे."

"शोभा?" भिकाजी उठला. "खारवाड्याची पोर लबाड म्हून बाहेर पडली, तर माजी कंची शोभा र्‍हायली?"

६

सोमवारी समितीपुढे भिकाजी इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांना आधी ही थट्टा वाटली. मग भाऊंनी ड्रमचा हिशेब मांडला, निमेशनं ड्रमच्या मातीचा ताजा आलेख पुढे केला. रविवारी दुपारी बोलावल्यावर तो कुरकुर न करता आला होता, तोही हातमोज्यांच्या एकाच जोडीत. टोप्या आणि धोतरं दोन्ही बरणीशी जुळत होती.

"पण डबा प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये गेलाच कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

क्षमानं घसा साफ केला. "माझ्या परवानगीनं. आणि त्यातले बोंबील मी खाल्लेत. लेखी देते."

आळ उतरला. बरणी मात्र बाद झाली. सिमेंटखालच्या मातीचा पहिला निकाल ठेवायचा, पण त्याची खातरजमा आता होणार नाही, असं प्रबंधात स्पष्ट लिहायचं. त्यासाठी ते प्रकरण पुन्हा मांडायचं. आणि वर्षभर ड्रमची माती तपासून शेजारी ठेवायची. फेलोशिप त्या वर्षी निमेशला गेली. त्यानं कल्पिताला पार्टी दिली, शाकाहारी, आणि तिनं ती तोंड वाकडं करून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात ती नळी आणि चमचा घेऊन गच्चीवर गेली. भाऊही गेले होते. खरं कारण कालवणाचं आमंत्रण. भिकाजी ड्रमच्या पुढ्यात पाय रोवून उभा होता.

"माती घे. पर एक कबूल कर. आपला खला मेला, असां पुन्ना कागदार लिवायचां नाय."

कल्पितानं भाऊंकडे पाहिलं. भाऊंना चटकन समोरच्या टॉवरवरची कबुतरं मोजावीशी वाटली.

"लिहिणार, आजा," ती म्हणाली. "इथं जगला, ते लिहिणार. आणि तिथं मेला, तेपण लिहिणार."

"कशापायी?"

"मेला असं कुठे लिहिलंच नाही, तर मारला कोणी, हे कोण विचारील?"

भिकाजीनं खाली मोटारींच्या रांगेकडे पाहिलं. मग ड्रमसमोरून बाजूला झाला.

"त्या कोपऱ्यातली घे," तो म्हणाला. "तिकरं तुजी आजी बसं."